आधी तांबे घासा, मग दिव्याला दोष द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तंत्रनिकेतनांत प्रकल्प जमा करण्याचे दिवस आले की आमच्या सोसायटीतली डिप्लोमाची मुलं माझ्याकडे येतात. मी 27 वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. यंदा खालच्या मजल्यावरची मुलगी आली. रेषेवरून चालणारा रोबो करतेय आणि त्याचा पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेषांनी भाग जोडणारी पाटी, घरीच करायचा तिचा निश्चय. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेली कोरी पाटी) आणि त्यावर चिकटवायची ड्राय फिल्म आणली होती. तीन पाट्या वाया गेल्या. फिल्मखाली बुडबुडे राहत, आणि सोड्याच्या पाण्यात घातली की फिल्मवर उमटलेल्या रेषा, म्हणजे ट्रॅकच, उचलून येत. दिवा कमी पडतोय असं समजून ती नवा यूव्ही दिवा घ्यायला निघाली होती.

मी तिला कोरी पाटी नळाखाली धरायला सांगितली. पाणी थेंब थेंब होऊन गोळा झालं. म्हणजे तांब्यावर बोटांचा तेलकटपणा तसाच होता. हिरव्या घासणीने भांड्याची पावडर लावून आडवं-उभं घासलं, तेव्हा पाणी सलग पसरलं. मग पाटी पूर्ण कोरडी केली आणि त्यानंतर फक्त कडेला धरली.

फिल्मला दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिक असतं, मधे प्रकाशाने घट्ट होणारा थर. आतलं प्लास्टिक सोडवायला कोपऱ्यावर दोन्हीकडून चिकटपट्टी लावायची आणि झटका द्यायचा. सगळं एकदम सोलू नये, इथेच मुलं चुकतात. बोटभर सोलायचं, तेवढंच एका कडेला दाबून बसवायचं, मग हवा पुढे ढकलत उरलेलं. नंतर ओळखपत्रं लॅमिनेट करायचं साधं यंत्र साधारण 110 अंशांवर तापवून पाटी त्यातून दोन-तीनदा काढायची. हे सारं खिडकी बंद करून, पिवळ्या दिव्यात. दिवसाच्या उजेडाने फिल्म आधीच पक्की होते.

मग वर आराखड्याची पारदर्शक छपाई ठेवून यूव्ही दिवा दाखवायचा; उजेड पडेल तिथे फिल्म घट्ट होते. डेव्हलप करताना, म्हणजे घट्ट न झालेली फिल्म धुऊन काढताना, एक लिटर कोमट पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा नव्हे. आणि वरचं प्लास्टिक काढल्याशिवाय पाटी त्यात घालू नये; ते विसरून पाण्याला दोष देणारे मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. तिची चौथी पाटी जुन्याच दिव्याने नीट निघाली. आयसीच्या (चिपच्या) दोन पायांमधून गेलेला ट्रॅकसुद्धा अखंड होता.

तयार मॉड्यूल जोडून प्रकल्प उभा राहतो, गुणही मिळतात, हे मला माहीत आहे. पण फिल्म का सुटली हे शोधताना त्या मुलीने जे हाताने शिकलं, ते तयार मॉड्यूल जोडून आलं नसतं. म्हणून तंत्रनिकेतनांना माझी विनंती आहे की प्रकल्पाच्या सत्रात प्रयोगशाळेत एक लॅमिनेटर आणि एक पिवळा दिवा ठेवा, आणि शनिवारी दोन तास मुलांना पाट्या करू द्या.

त्याच शनिवारी वापरलेलं फेरिक क्लोराईड, म्हणजे पाटीवरचं उघडं तांबं खाऊन टाकणारं द्रावण, जमा करायला झाकणाचा प्लास्टिक कॅनही ठेवावा. त्यात तांबं विरघळलेलं असतं, माशांना ते घातक आहे, आणि आज घरोघरची मुलं ते मोरीत ओततात. आमच्या इमारतीतला असा कॅन सध्या माझ्या बाल्कनीत आहे, तो निम्मा भरलाय.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, धायरी, पुणे