बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्री मामांना जाहीर थँक्यू

मामा, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर एवढं लांबलचक वाचत बसणार नाही माहीत आहे, पोरगं वाचून दाखवेल. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हां हां, असू दे की" म्हणत परत बॉनेटमध्ये डोकं घालता, म्हणून इथं सगळ्यांच्या देखत लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी २००३ ची, पेट्रोल. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली सारखी रिकामी व्हायची, चोर्ला घाट चढायला लागलं की टेंपरेचरचा काटा वर, मग एसी बंद करा, हीटर फुल करा, काचा खाली करा असा सगळा खेळ, आणि सकाळी गाडीखाली वाकून बघावं तर एक थेंब नाही. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्या उघडल्या "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागतंय" म्हणून सांगितलं (गॅस्केट म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सीलची पट्टी), दुसरीकडं म्हणे रेडिएटरच नवीन टाका. दोघांपैकी एकानंही गळतंय कुठं हे दाखवलं नव्हतं.

तुम्ही मात्र पान्याला हातच लावला नाही. "पाणी जाऊलंय कुठं ते आधी बघू" म्हणालात आणि मलाच प्रश्न सुरू केले. उभ्या गाडीत कमी होतंय का चालवल्यावर? वास येतोय काय? हीटर लावल्यावर पुढच्या काचेवर वाफ धरते काय? मग ऑइलचं झाकण काढून आतनं बोट फिरवलंत, दुधाळ काही नाही. सायलेन्सरमधनं पांढरा धूर नाही. इंजिन थंड होतं म्हणून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून स्टार्ट केलं, आत बुडबुडे नाहीत, डाव्या सीटखालचं कार्पेट दाबून बघितलं तर कोरडं. "गॅस्केट गेलं असतं तर कायतरी खूण दिसली असती की, उगं कशाला इंजिन फोडायचं" एवढं तुम्ही म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला मामा, कारण गॅस्केटचा खर्च ऐकून घरात गाडी विकायचीच बोलणी चालली होती.

मग तो हाताचा प्रेशर पंप. रेडिएटरच्या तोंडावर बसवून झाकणावर छापलंय तेवढंच, ०.९, प्रेशर भरलंत आणि चहा मागवलात. चहा संपेपर्यंत काटा थोडा खाली. मग टॉर्च आणि तो दांडीवरचा छोटा आरसा, आणि गाडीखालनं तुमचा आवाज, "इल्ले सोराकत्तैति नोड, टॉर्च हिडी तम्मा!" (कानडीत, इथंच गळतंय बघ, टॉर्च धर भावा!) इंजिनच्या मागनं जाणारा लोखंडी पाइप, त्याच्या खालच्या अंगाला गंजून बारीक भोक पडलेलं आणि भोवती वाळलेल्या कूलंटचा पांढरट हिरवा थर. पाणी पडायचं ते थेट तापलेल्या एक्झॉस्टवर, जागच्या जागी वाफ होऊन जायचं, आणि गाडी थंड झाली की आतलं प्रेशर गेलं म्हणून गळायचंच बंद. गेटला थांबल्यावर येणारा तो गोडसर वास कसला ते पण तेव्हा कळलं.

आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं हे तुम्ही पाइप बघूनच ओळखलंत. आपल्याकडं सगळे म्हणतातच की, बेळगावात कुठं बर्फ पडतोय पाणी गोठायला, कूलंट कशाला पाहिजे? त्यावर तुम्ही सांगितलं ते मी आता ज्याला त्याला सांगत सुटलोय. बेळगाव अडीच हजार फुटांवर, इथं उघडं पाणी १०० डिग्रीच्या आधीच उकळतं, झाकण प्रेशर धरतं म्हणूनच ते ११५ च्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही, म्हणजे भोक छोटं असलं तरी प्रेशर गेलं की घाटात खेळ खलास. आणि कूलंटमध्ये गंज धरू न देणारी औषधं असतात, ती नुसत्या पाण्यात कुठली?

नवा पाइप कुठंच मिळेना. दुसऱ्या कुणी वरनं एम-सील थापून दिलं असतं. तुम्ही जुना पाइप घेऊन मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडं गेलात, त्याच मापाचा स्टीलचा वाकवून घेतलात, वर रबरी होज निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना उंचवटा काढायला लावलात. त्या लेथवाल्यांना पण माझा नमस्कार सांगा. उद्यमबागेत काय मिळत नाही म्हणा!

शेवटचं काम तर मी कुठल्याच गॅरेजमध्ये एवढं निवांत केलेलं बघितलं नाही. अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर, हीटर फुलवर, झाकण उघडं, वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप) उघडेपर्यंत थांबायचं, हवा निघाली की पातळी उतरते, परत भरायचं, फॅन आपोआप लागून बंद झालेला बघायचा. आणि गाडी थंड झाल्यावर परत पंप लावून काटा हलत नाही हे मला दाखवलंत, तोपर्यंत पैशाचं नाव नाही.

त्यानंतर आईला घेऊन चोर्लावरनं पणजीला जाऊन आलो, एसी चालू ठेवून. काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. टायमिंग बेल्टचं तुम्ही म्हणाला होता ते दिवाळीच्या आत करून टाकू, तेव्हा वॉटर पंपपण काढून बघा. सकाळीच गाडी आणून लावतो, फक्त चहाचे पैसे या वेळी मी देणार.

तुमचा,
अनगोळचा पांढऱ्या गाडीवाला