पोटदुखीवर आधी एरंडेल नको

संपादक महोदय,

आमच्या बार्शी भागात पोटात कळ आली की घरच्यांचं पहिलं निदान असतं, ‘बेंबी सरकली’. मग तेल लावून पोट चोळणारी बाई येते, बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घालतात आणि वर एरंडेल. मी निवृत्त परिचारिका. शेजारपाजारचे आधी माझ्याच दाराशी येतात.

गेल्या महिन्यात एक शाळकरी मुलगा असाच आणला. सकाळी बेंबीभोवती दुखत होतं, दुपारपर्यंत दुखणं उजवीकडे खाली उतरलं. भूक मेलेली, उलटी झालेली, अंगात कणकण. दवाखान्यात नेताना रिक्षा खड्ड्यात आदळली की पोर कळवळायचं. लक्षणं अपेंडिक्सची होती. “जुलाब झाला की मोकळं होईल,” आजी म्हणत होत्या. एरंडेलाची बाटली मी निघण्याआधीच काढून घेतली होती (भांडण झालंच). सुजलेलं अपेंडिक्स जुलाबाच्या औषधाने किंवा चोळण्याने फुटू शकतं, मग पू पोटभर पसरतो. गॅसचं दुखणं वारा सरला की बहुधा हलकं होतं. अपेंडिक्सचं मात्र तासागणिक वाढतं. अशा वेळी 108 ला फोन करावा.

मधुमेही किंवा पन्नाशीपुढच्या माणसाला पोटाच्या वरच्या भागात दुखून दरदरून घाम फुटला, तर सोडा पाजत बसू नये. तो हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. लगेच ईसीजी काढावा.

आरोग्य उपकेंद्रांच्या भिंतींवर लसीकरणाची चित्रं असतात. शेजारी पोटदुखीच्या या खुणा रंगवायला फार खर्च येणार नाही.

– एक निवृत्त परिचारिका, बार्शी