इया साहेब, मैदान गप्प झालं म्हणून प्रश्न मिटला नाही

प्रति,
मा. श्री. साल्वादोर इया,
अध्यक्ष, कॅटलोनिया सरकार, बार्सिलोना

महोदय, सप्रेम नमस्कार.

बार्सिलोनातल्या फुटबॉल क्लबांपैकी आपण एस्पान्योलचे, मी एउरोपाचा. म्हणजे बार्सिलोनात राहून 'बार्सा'च्या (एफसी बार्सिलोनाच्या) नावानं न नाचणाऱ्या अल्पसंख्याकांतले आपण दोघंही. त्याच नात्यानं लिहितोय. मूळचा कोल्हापूरचा, मुक्काम ग्रासिया, म्हणजे बार्सिलोनातली एउरोपाची पेठ. पासपोर्ट भारतीय, त्यामुळे आपल्या निवडणुकीत मला मत नाही. पण बोंब मारायला मत कुठं लागतं?

मे २०२४ मध्ये कॅटलोनिया स्पेनपासून वेगळा करू पाहणाऱ्या स्वातंत्र्यवादी पक्षांचं बहुमत गेलं, ऑगस्टमध्ये आपण अध्यक्ष झालात. तेव्हापासून 'सगळं पूर्वपदावर आलं' हा सूर सतत कानावर पडतो. घड्याळात १७ मिनिटं १४ सेकंद झाले की बार्साच्या मैदानावर, कांप नोऊवर, 'स्वातंत्र्य' अशी आरोळी उठायची, १७१४ मध्ये स्पेनच्या राजाच्या फौजेपुढं बार्सिलोना पडलं त्याची आठवण म्हणून. आता ती क्षीण झाली आहे, हे मीही ऐकतो. पण त्यावरून निष्कर्ष काढायची घाई नको.

१४ जून १९२५ ला बार्साच्या तेव्हाच्या लेस कोर्त्स मैदानात प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून स्पेनच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली. हुकूमशहा प्रिमो दे रिवेराच्या राजवटीनं मैदानाला टाळं ठोकलं, क्लबचे संस्थापक गाम्पेर यांना देश सोडावा लागला. मैदान गप्प झालं, सरकारला वाटलं जिंकलो. पुढचं आपल्याला माहीत आहे. आपण तर तत्त्वज्ञान शिकलेले.

आणि १ ऑक्टोबर २०१७. स्वातंत्र्याच्या सार्वमताचा दिवस, मतदान केंद्रांत पोलिसांच्या लाठ्या, आणि स्पेनची फुटबॉल लीग (ला लीग) बार्साचा सामना पुढं ढकलायला तयार नाही. शेवटी बार्सा आणि लास पाल्मास रिकाम्या कांप नोऊत खेळले. पाहुण्यांच्या जर्सीवर स्पेनचा छोटा झेंडा शिवलेला. जवळपास लाखभर खुर्च्या मोकळ्या, चेंडूला लाथ बसल्याचा आवाज टीव्हीवर स्पष्ट ऐकू येत होता. निकाल ३-०, पण तो कुणाला आठवतो? सामन्यानंतर रडणारा बार्साचा बचावपटू पिके मात्र आठवतो. त्याच महिन्याच्या २७ तारखेला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि २९ ला, नव्यानंच वरच्या लीगमध्ये आलेल्या जिरोनानं रेआल माद्रिदला २-१ नं हरवलं. तेव्हाचे कॅटलोनियाचे अध्यक्ष पुच्देमोन त्याच जिरोना शहराचे माजी महापौर! इतकं जमवून आणायला नियतीलाही तालीम करावी लागली असेल.

स्वातंत्र्यवाद्यांनाही मी सोडणार नाही. बार्सा कुठल्या लीगमध्ये खेळणार, या साध्या प्रश्नाचं धड उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. स्पेनच्या १९९० च्या क्रीडा कायद्यात परदेशी म्हणून सवलत होती ती फक्त शेजारच्या चिमुकल्या अँडोरा देशाच्या क्लबांना. लीगचे प्रमुख तेबास तेच दाखवून 'वेगळे झालात तर बाहेर' असा दम देत राहिले, आणि इकडून 'बघू, होईल काहीतरी'. लोकांना देश बदलायला सांगता आणि रविवारचा सामना कुणाशी ते सांगत नाही, असं कसं चालेल?

पण माझं खरं गाऱ्हाणं वेगळं आहे. या वादात दोन्ही बाजूंना मैदान दिसतं ते एकच, कांप नोऊ. ग्रासिया आणि सांत आंद्रेऊ ही दोन्ही गावं १८९७ मध्ये बार्सिलोनात विलीन झाली. (हद्दवाढ म्हटलं की कोल्हापूरकराचे कान टवकारतातच.) गावपण गेलं, पण ते क्लबांत उरलं. एउरोपा तर १९२९ च्या पहिल्या ला लीगमधल्या दहा संघांपैकी एक. एउरोपा-सांत आंद्रेऊ सामना म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा पाटाकडील विरुद्ध शिवाजी: तीच गल्लीची खुन्नस, तेच आठवडाभर न बोलणारे मेहुणे.

एउरोपाच्या मैदानाच्या, नोऊ सार्देन्याच्या, पायऱ्यांवर मी इथली कॅटलान भाषा शिकलो. आधी रेफ्रीला घालायच्या शिव्या, मग बाकीचं व्याकरण. सरकारी वर्गासाठी नाव नोंदवलं तेव्हा 'जागा नाही, पुढच्या सत्रात बघा' असं उत्तर मिळालं होतं, तेही स्पॅनिशमध्ये! शेजारच्या पाकिस्तानी दुकानदाराचा पोरगा आमच्यासोबत घसा फाडून ओरडतो, अस्खलित कॅटलानमध्ये. तो मोठेपणी स्वातंत्र्याच्या बाजूनं मत देईल की विरोधात, मला ठाऊक नाही आणि विचारणारही नाही.

आपल्याच सरकारच्या २०२३ च्या पाहणीत कॅटलान ही रोजच्या वापराची भाषा सांगणारे ३२.६ टक्के निघाले. आपण भाषेसाठी स्वतंत्र खातं काढलंत, २०२५ मध्ये राष्ट्रीय करार केलात. चांगलं केलंत. त्यातला थोडा पैसा या छोट्या मैदानांकडे वळवा. पोरांच्या सरावानंतर आई-बापांसाठी तासभर वर्ग ठेवा. वाट बघत ते तिथं बसलेलेच असतात, मोबाइल चाळत.

एखाद्या रविवारी सुरक्षारक्षकांचा ताफा मागं ठेवून या. एस्पान्योलचा मफलर चालेल, पहिली पाच मिनिटं टोमणे खावे लागतील एवढंच.

आपला,
ग्रासियातला एक कोल्हापूरकर