ताई, बर्लिनला कविता वाचायच्या आधी

बर्लिन, रविवार

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

तू विचारलंस, की चाळीस-पन्नास खुर्च्यांच्या खोलीत, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही अशांपुढे कविता वाचायच्या आणि शेजारी कुणीतरी झांजेच्या काठावर गज फिरवत बसणार, तर हे नेमकं होतं कसं? सविस्तर लिहितो, कारण यातलं निम्मं काम तुला निघायच्या आधी घरीच करायचं आहे.

मराठीची काळजी आधी सोड. अर्थ न कळता कविता ऐकायची सवय या शहराला शंभर वर्षांची आहे. राउल हाउसमान १९१८ मध्ये इथे नुसत्या अक्षरांच्या कविता छापत आणि म्हणत होता. त्यातल्याच एका अक्षरओळीवरून हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सने पुढे एक लांबलचक ध्वनिकविता बांधली. आजही 'हाउस फ्यूर पोएझी' ही संस्था २००० पासून जो कविता महोत्सव भरवते, त्यातल्या 'वेल्टक्लांग' नावाच्या रात्री प्रत्येक कवी आपापल्या भाषेत वाचतो आणि श्रोत्यांच्या हातात भाषांतराची पुस्तिका असते. त्यांचाच 'लिरिकलाइन' हा इंटरनेटवरचा संग्रह १९९९ पासून आहे. त्यात जगभरचे कवी त्यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. पाच-सहा अनोळखी भाषा निवड आणि डोळे मिटून ऐक. अर्थ बाजूला गेला की कानात काय उरतं, ते कळेल. इथले श्रोते तुला तसंच ऐकणार आहेत.

आता जागांविषयी. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमध्ये रिकाम्या घरांत आणि तळघरांत वादकांनी बस्तान बसवलं, त्यातून नव्वदच्या दशकात 'एख्टझाइटमुझीक' हे नाव रूढ झालं. म्हणजे त्या त्या क्षणी घडणारं संगीत. त्यातल्या बऱ्याच जणांनी दशकाच्या अखेरीस वाजवणं इतकं हळू केलं, की श्वास, वाद्याची कळ दाबल्याची टिकटिक, तारेवर नुसतं घासल्याचा आवाज हेच संगीत झालं. प्रेन्झ्लाउअर बेर्गमधलं 'आउसलांड' हे तळघर त्याच वळणाचं, २००२ पासून चालू. नावाचा अर्थच 'परदेश'. वेडिंग नावाच्या भागात 'सायलेंट ग्रीन' आहे, ते एके काळचं दहनगृह. त्याच्या घुमटाखाली आता मैफली होतात. मोठं काही ऐकायचं असेल तर जानेवारीअखेर 'सीटीएम' आणि मार्चमध्ये 'मेर्त्समुझीक' असे महोत्सव असतात. पण तुझा कार्यक्रम छोट्या खोलीतला, म्हणून पुढचं सगळं तिच्याविषयी.

अशा खोलीत आवाज जितका बारीक, तितक्या खोलीच्या खोडी उघड्या पडतात. म्हणून संयोजकाचं पहिलं काम म्हणजे एकही वादक नसताना, पाच मिनिटं गप्प बसून खोली ऐकणं. हमखास सापडतो तो फ्रिज. बोलताना त्याचा आवाज लक्षातही येत नाही, पण झांजेचा सूर विझत जातो तेव्हा शेवटचे दहा सेकंद तो गिळून टाकतो. म्हणून वाचन सुरू व्हायच्या आधी प्लग काढायचा आणि आपली घराची किल्ली फ्रिजच्या आत ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज परत चालू करायचं विसरणं अशक्य. बाहेर जाऊन ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींची ही जुनी युक्ती आहे, आणि तिला तोड नाही. मग पंखे, हीटरच्या नळ्यांची कुरकुर आणि दिव्यांचे डिमर. डिमर अर्ध्यावर ठेवला की केबलमधून चिरकी गुणगुण येते, त्यामुळे एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. तुझ्या कागदावर बॅटरीचा छोटा दिवा माग.

भाषांतर पडद्यावर दाखवायचं की कागदावर, हा वाद दर वेळी होतो. माझं मत कागदाच्या बाजूने आहे. प्रोजेक्टरचा पंखा म्हणजे दुसरा फ्रिजच. शिवाय पडद्याकडे बघणारा माणूस तुझ्याकडे बघत नाही. पण कागदाचीही एक खोड आहे: पन्नास माणसांनी एकदम पान उलटलं की पाऊस पडल्यासारखा आवाज होतो, आणि तो नेमका तुझ्या शेवटच्या ओळीवर येतो. उपाय असा, की एकही कविता दोन पानांवर तुटू द्यायची नाही आणि पान उलटायची जागा केवळ वाद्य वाजत असेल तिथे येईल अशी मांडणी करायची. बिनचकाकीचा, थोडा जाड, १२० ग्रॅमचा कागद कमी कुरकुरतो. पडद्याशिवाय गत्यंतर नसेल, तर एका वेळी दोनच ओळी दाखवायच्या. कळ दाबणाऱ्याला मराठी येत नाही, म्हणून त्याच्या प्रतीत प्रत्येक तुकड्याचा तुझा शेवटचा शब्द रोमन अक्षरांत लिहून दे. तो शब्द ऐकला की त्याने पुढे जायचं. आयत्या वेळी कडवं गाळू नकोस, तो तिथेच अडकून बसेल.

तुझे स्वतःचे कागद सुटे ठेव, टाचणी नको, एकाच बाजूला छपाई. वाचलेलं पान उलटायचं नाही, डावीकडे सरकवायचं. अक्षर चौदा पॉइंटच्या खाली नको.

माइकविषयी नीट वाच. आपल्या भाषेत महाप्राण भरपूर. 'भ', 'फ', 'घ', 'ठ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तो माइकच्या पडद्यावर आदळला की स्पीकरमधून धप्प असा दणका येतो. इथल्या ध्वनितंत्रज्ञाला 'प' आणि 'ब'ची सवय असते, 'भ'ची नसते. घरी करून बघ: तळहात तोंडासमोर वीतभर धर आणि 'भाकरी, भिंत, फडफड' म्हण. झोत कुठे लागतो ते कळेल. आता हात हळूहळू ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने बाजूला ने. झोत लागायचा थांबला, की ती तुझ्या माइकची जागा. साधारण पंधरा ते वीस सेंटीमीटर अंतर, तीसेक अंश तिरका, रोख तोंडाकडेच. फार जवळ गेलीस तर खर्ज फुगतो आणि आवाज घुमा होतो. फार लांब गेलीस तर तंत्रज्ञाला आवाज इतका चढवावा लागतो की शिट्टी सुरू होते. त्याला १०० हर्ट्झच्या खालचं काप म्हणून सांग, बायकांच्या आवाजात तिथे गमावण्यासारखं काही नसतं.

आणि झांजेचं. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची धार साधारण २००० ते ४००० हर्ट्झमध्ये असते. गजाने वाजवलेल्या झांजेचा बराचसा संसारही तिथेच. दोन्ही एकदम चाललं तर तुझी ओळ झाकली जाते आणि तंत्रज्ञाने कितीही आवाज वाढवला तरी ती वर येत नाही. म्हणून वादकाबरोबर बसून कागदावर ठरवून घे: कुठे फक्त कविता, कुठे फक्त वाद्य, कुठे दोन्ही. 'दोन्ही'च्या जागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी ठेव, एखादी बुडाली तरी चालेल अशा. तुला मिळणारी वीस मिनिटं असतील तर वाचनाला दहाच धर. संथ वाचनात मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास जातात, म्हणजे एकूण हजार शब्द. नवखा माणूस दोन हजार आणतो, मग धावतो, आणि शांततेसाठी जागाच उरत नाही.

वाचताना वाजवायला ती घरची पितळी परात नक्की आण. तिला कॉन्टॅक्ट माइक लावायचा. हा माइक हवेतला आवाज घेत नाही, वस्तूची थरथर घेतो. तो घरीच करून ये, स्वस्तात होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २७ मिलिमीटरची पिझो डिस्क मिळते, बझरमध्ये असते तीच. बाहेरची पितळी चकती आणि मधला पांढरा गोल असे तिचे दोन भाग. शिल्डवाल्या, म्हणजे आतल्या तारेभोवती जाळी असलेल्या, केबलची जाळी पितळेला आणि आतली तार पांढऱ्या गोलाला जोडायची. उलटं केलंस तर हात लागताच गुणगुण होईल. तारेला आधी कथील लावून घे आणि पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदच टेकव. जास्त वेळ ठेवलंस तर वरचा चांदीचा थर सुटतो किंवा आतलं सिरॅमिक तडकतं. म्हणून चार-पाच डिस्क आण, पहिली एखादी जातेच. मग पूर्ण चकतीवर इन्शुलेशन टेप.

चिकटवायची कुठे? परातीच्या बरोब्बर मध्यावर नको. कडेला ठोका मारल्यावर परात ज्या तऱ्हांनी थरथरते, त्यातल्या बहुतेकींत मध्यबिंदू जवळजवळ स्थिर असतो, तिथे आवाज पोचट येतो. काठापासून दोन-तीन बोटं आत, तळाच्या बाजूने लाव. दुहेरी टेप पातळ हवी, फोमची जाड टेप वरचे सूर खाते. केबलचा ढिला वेढा ठेवून ती टेबलाला चिकटव, नाहीतर केबल ओढली गेल्याचा प्रत्येक झटका ऐकू येतो. परातीत पेलाभर पाणी घालून ती हळूच कलती केली की सूर मिंडेसारखा घसरतो. ते तुझ्या विहिरीच्या कवितेला शोभेल. पण डिस्क खाली आहे हे विसरू नकोस, एक थेंबही तिच्यापर्यंत जाता कामा नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथून पुढे. डिस्क सरळ ध्वनितंत्रज्ञाच्या मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली तर परात पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, आणि लोक डिस्कला दोष देतात. कारण वेगळं आहे. या डिस्कची धारिता साधारण २० नॅनोफॅरड, आणि लाइन इनपुटचा रोध १० किलोओहमच्या आसपास. या जोडीत ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं ओसरत जातं. तेच १ मेगाओहमच्या इनपुटला जोडलं तर ही मर्यादा ८ हर्ट्झपर्यंत उतरते आणि परातीचा घुमारा पुरता मिळतो. म्हणून संयोजकाला आजच कळव: '१ मेगाओहम इनपुटचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स हवा'. डीआय म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्या मधली छोटी पेटी. ती मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालते, बॅटरी लागत नाही. मग टेबलाचे धक्के टाळायला ७०-८० हर्ट्झच्या खालचं कापायचं.

इथे वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, पण प्लग वेगळा. प्रवासात मिळणाऱ्या बऱ्याच अडॅप्टरना अर्थिंग नसतं, तसला घेऊ नकोस. लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून भुणभुण आली, तर वाचनापुरता चार्जर काढ किंवा डीआय बॉक्सवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाब, ते फक्त आवाजाच्या केबलची जमीनजोड तोडतं. भुणभुण थांबावी म्हणून प्लगच्या अर्थिंगवर टेप लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. माइकला ओठ लागलेला असताना त्याने जीव जाऊ शकतो. फोन एअरप्लेन मोडवर आणि टेबलापासून लांब, कारण त्याची थरथरही परात उचलते.

संध्याकाळचा क्रमही समजून घे. इथे रात्री १० ते सकाळी ६ शांततेचा कायदा आहे, म्हणून ज्याचा आवाज दणदणीत तो आधी आणि हलका असतो तो शेवटी. तू बहुधा शेवटी. शेवटी वाचणाऱ्याची ध्वनिचाचणी सगळ्यांत आधी होते, उलट्या क्रमाने, म्हणजे पहिल्याचं सामान मांडलेलंच राहतं. तेव्हा लवकर पोच, टेबलाच्या पायांशी जमिनीवर टेपच्या खुणा कर आणि मिक्सरच्या बटणांचा फोटो काढून ठेव. तुझ्याआधी नॉइजवाला, म्हणजे गोंगाटाचंच संगीत करणारा, असेल तर दारातले इअरप्लग घे. जर्मन मानकाप्रमाणे अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलपर्यंत जाऊ शकते, आणि ९५ च्या वर ते प्लग द्यावेच लागतात. त्याच्यानंतर श्रोत्यांचे कान काही वेळ बधिर असतात, तेव्हा मध्ये वीस मिनिटांची सुट्टी आधीच मागून घे.

मानधन थोडं असेल. २०२५ च्या अंदाजपत्रकात बर्लिनने कलेचे सुमारे १३ कोटी युरो कापले, आणि त्याचा फटका अशा खोल्यांनाही बसला. परदेशी कलाकाराचं मानधन एका कार्यक्रमाला २५० युरोपर्यंत असेल, तर त्यातून कर कापला जात नाही. नाव, पत्ता, तारीख आणि रक्कम घातलेलं साधं बिल मात्र बरोबर आण.

वाचन संपलं की लगेच 'धन्यवाद' म्हणू नकोस. परातीवरचा हात तसाच राहू दे. हात खाली येईपर्यंत इथे कुणी टाळी वाजवत नाही, आणि सूर पूर्ण विझेपर्यंतचा तो वेळ तुझ्या कवितेचाच आहे.

परात बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेव, काठावर साडीचे दोन वेढे घालून. काठ चेपला तर सूर फाटतो. आई-बाबांना नमस्कार सांग. निघायच्या आधी परातीच्या आवाजाचं मिनिटभर ध्वनिमुद्रण पाठव, म्हणजे वादकाला झांज तिच्या सुराजवळची निवडता येईल.

तुझा,
धाकटा