वडील एका दमात किती चालू शकतात, असे विचारणाऱ्या अनोळखी ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री मी आपले नाव विचारले नाही, आणि ते लक्षात आले तेव्हा फोन ठेवून झाला होता. म्हणून हे पत्र नावाविना आणि उघडपणे लिहिते आहे. विमानतळाला लागून असलेल्या एका हॉटेलच्या स्वागतकक्षात आपण रात्रपाळीला होतात आणि मी टर्मिनलमधल्या बाकावर माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांना घेऊन बसले होते. आपला संबंध आला तो जेमतेम सात मिनिटे. त्याला दोन महिने होत आले, तरी ती सात मिनिटे आठवली की माझे डोळे भरून येतात आणि आपले आभार मानायचे राहून गेले याची रुखरुख लागते.

आमचा थांबा साडेनऊ तासांचा होता. रात्री साडेअकराला उतरायचे आणि सकाळी नऊला पुढचे विमान पकडायचे. एवढी रात्र बाबांना खुर्चीवर बसवून काढणे शक्य नव्हते, म्हणून ज्या प्रवास संस्थेने तिकिटे काढून दिली तिच्याकडूनच हॉटेलही ठरवून घेतले. हॉटेल सोयीचे आहे ना, असे मी त्यांना तीन वेळा विचारले होते. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले, की हॉटेल विमानतळापासून दोन किलोमीटरवर आहे, त्याच्या नावातच ‘एअरपोर्ट’ आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. रद्द केल्यास पैसे परत मिळणार नव्हते, पण रद्द करण्याची वेळ कशाला येईल, या विश्वासाने मी ते भरून टाकले. आमच्या पारपत्रावर त्या देशात पाऊल ठेवायला व्हिसा लागतो आणि केवळ विमान बदलणाऱ्याला व्हिसाविना फक्त विमानतळाच्या आतल्या भागात, म्हणजे पारपत्र तपासणारी इमिग्रेशनची खिडकी न ओलांडता, थांबता येते, ही गोष्ट त्यांनी एकदाही काढली नाही. मीही ती तपासली नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे त्यांना ती ठाऊक नसेल, असे मला आजही वाटत नाही. त्यांना ती विचारावीशी वाटली नाही, एवढेच.

इमिग्रेशनच्या खिडकीवरून आम्ही परत फिरलो तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. प्रवास संस्थेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर मला बुकिंगच्या अटी वाचून दाखवण्यात आल्या. ट्रान्झिटच्या, म्हणजे विमान बदलणाऱ्यांसाठीच्या, काउंटरवरील गृहस्थांनी मान वर न करताच समोरच्या खुर्च्यांकडे हात केला. बाबांसाठी मागवलेली व्हीलचेअर त्या काउंटरपर्यंतच होती. ती आम्हाला तिथे सोडून निघून गेली. यांपैकी कोणीही आमच्याशी उद्धटपणे बोलले नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. परंतु त्या अर्ध्या तासात आमच्याकडे एक अडचण म्हणून पाहिले गेले आणि जो तो ती अडचण आपल्या टेबलावरून पुढच्या टेबलावर सरकवत राहिला.

आपल्या हॉटेलचा क्रमांक मी विमानतळाच्या संकेतस्थळावरून घेतला आणि खोली मिळेल का, असे विचारले. त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून पैसे कापून घेणे आपल्याला सहज शक्य होते. खोल्या रिकाम्या होत्या, हे मला नंतर आपल्याच बोलण्यातून कळले. आपण मात्र उत्तर देण्याऐवजी मलाच प्रश्न विचारलेत. आम्ही इमिग्रेशनच्या आत आहोत की बाहेर? सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत लावलेले आहे की मध्ये उचलायचे आहे? पुढचे विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटते? तीनही उत्तरे ऐकल्यावर आपण सरळ सांगितलेत, की आपले हॉटेल बाहेरच्या भागात असल्याने ते आमच्या उपयोगाचे नाही, पण आतल्या भागात तासांवर खोल्या देणारी दोन हॉटेले आहेत.

आणि मग आपण चौथा प्रश्न विचारलात, ज्याच्यासाठी हे सारे पत्र आहे. ‘आपले वडील एका दमात किती चालू शकतात?’

ताई, हा प्रश्न त्या संपूर्ण प्रवासात आम्हाला कोणीही विचारला नव्हता. इतकेच काय, मुलगी असून मीसुद्धा तो कधी विचारला नव्हता. मी नेहमी ‘बाबा, चालवेल ना?’ असे म्हणत आले आणि त्यावर ते नेहमी ‘न चालवायला काय झाले?’ असे म्हणत आले. माझा प्रश्नच असा होता, की त्याला होकाराखेरीज दुसरे उत्तर देणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. त्या रात्री मी आपला प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला. ते क्षणभर गप्प राहिले, त्यांनी समोरच्या लांबलचक मार्गिकेकडे पाहिले आणि म्हणाले, ‘शंभर पावले. मग बसावे लागते.’ गेल्या दोन वर्षांत त्यांनी हा आकडा आमच्यापैकी कोणालाही सांगितला नव्हता. एका अनोळखी बाईला तो हवा आहे आणि त्या आकड्यावरून ती काहीतरी ठरवणार आहे, हे कळताच त्यांनी तो कोणताही संकोच न करता सांगितला.

आपणही तो तितक्याच साधेपणाने घेतलात. हळहळ व्यक्त केली नाहीत की धीराचे शब्द सुनावले नाहीत. दोन हॉटेलांपैकी एक अधिक प्रशस्त आहे, पण तिथे जायला आतली रेल्वे घेऊन दुसऱ्या टर्मिनलवर जावे लागते आणि दोन्ही टोकांना बरेच चालावे लागते. दुसऱ्याच्या खोल्या लहान आहेत, त्यांना खिडक्या नाहीत, पण ते आम्ही बसलो होतो तिथल्या लिफ्टने एक मजला वर आहे आणि सकाळचे गेटही त्याच बाजूला आहे, असे आपण समजावून सांगितलेत. ‘शंभर पावलांत दुसरेच बसते,’ हे आपले शब्द. मग मला थांबायला सांगून आपण स्वतः तिथे फोन केलात, कारण रात्री त्या वेळी विमान चुकलेल्यांची गर्दी असते आणि खोली हातची जाते. सहा तासांची खोली आमच्यासाठी धरून ठेवलीत. आपल्या हॉटेलला यातून काहीच मिळणार नव्हते. उलट येऊ घातलेले गिऱ्हाईक आपण आपणहून दुसऱ्या दारी पोहोचवलेत.

परतल्यावर मी या विषयावर बरेच वाचले, तेव्हा आपल्या त्या पहिल्या तीन प्रश्नांत किती अनुभव भरलेला होता हे हळूहळू उमगले. ‘विमानतळाजवळ’ या शब्दाने मी निश्चिंत झाले होते, पण ते अंतर पुष्कळदा नकाशावरचे सरळ रेषेतले असते. मोठ्या विमानतळाची धावपट्टीच तीन-चार किलोमीटर लांब असते आणि तिला वळसा घालून जाणारा रस्ता ‘दोन किलोमीटर’ या आकड्यात धरलेला नसतो. टर्मिनलला चिकटून असलेले हॉटेलसुद्धा कोणाला जवळ पडेल हे त्याच्या विमानावर अवलंबून असते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल ५ ला जोडलेले हॉटेल तिथून उडणाऱ्याला दारात आहे, पण ज्याचे विमान टर्मिनल ४ वरून आहे त्याला सकाळी उठून आधी रेल्वे किंवा बस गाठावी लागते. फ्रँकफर्टच्या टर्मिनल १ मधून पुलावरून चालत हॉटेलात जाता येते, म्युनिकला दोन टर्मिनलांच्या मधोमध हॉटेल आहे; परंतु ही दोन्ही इमिग्रेशनच्या बाहेर आहेत आणि आमच्यासारख्या व्हिसा नसलेल्यांना ती शंभर योजने दूर आहेत. दोहाच्या हमद विमानतळावर आणि दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये मात्र पारपत्रावर शिक्का न मारता झोपता येते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आतली आणि बाहेरची, दोन्ही प्रकारची हॉटेले आहेत. इस्तंबूलच्या नव्या विमानतळावर तर एकाच हॉटेलच्या काही खोल्या आतल्या बाजूला आणि काही बाहेरच्या बाजूला आहेत, तेव्हा तिथे हॉटेल बरोबर निवडूनही खोली चुकू शकते. अमेरिकेत असा आतला भागच नसतो, केवळ विमान बदलायचे असले तरी देशात प्रवेश करावा लागतो. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर १९६२ सालच्या एका देखण्या टर्मिनलचे २०१९ मध्ये हॉटेल झाले आहे, पण तिथे झोपायलाही आधी व्हिसा हवा.

सामानाविषयीच्या प्रश्नाचा अर्थही तेव्हाच कळला. दोन विमानांची तिकिटे वेगवेगळी काढलेली असली, की सामान बहुधा मध्येच उचलून पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी बाहेर पडावे लागते. अशा प्रवाशाला आतले हॉटेल सुचवणे म्हणजे त्याला अडकवणे. आणखी एक गोष्ट मी आता सर्वांना आवर्जून सांगते. मध्यरात्रीनंतर पोहोचणाऱ्याने साध्या हॉटेलातली खोली आदल्या दिवसाच्या तारखेने घ्यायची असते, नाहीतर पहाटे दोन वाजता दारात उभे राहून दुपारच्या चेक-इनची वाट पाहावी लागते. हॉटेलची मोफत गाडी रात्रभर धावते की अकराला बंद होते, हेही पैसे भरण्यापूर्वी विचारायचे असते. ज्यांना आम्ही या कामाचे पैसे दिले त्यांनी यांतले एक वाक्य जरी सांगितले असते, तरी बाबांना त्या खिडकीवरून परत फिरावे लागले नसते. हा राग अजून पुरता गेलेला नाही आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

तरीही हे पत्र लिहायला बसले की राग मागे पडतो आणि आपला आवाज आठवतो. सौजन्य म्हणजे गोड बोलणे, अशी माझी समजूत होती. आपण फारसे गोड बोलला नाहीत, कामापुरतेच बोललात. परंतु समोरच्या माणसाचे शरीर, त्याचे वय, त्याची थकलेली रात्र हे सारे आपण हिशेबात धरलेत आणि मगच उत्तर दिलेत. अशी माणसे जगाच्या कानाकोपऱ्यांत, रात्रपाळीच्या टेबलांमागे, कोणी पाहत नसताना आपले काम नीट करत बसलेली असतात, आणि त्यांच्या भरवशावर माझ्यासारख्या कितीतरी मुली आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन घराबाहेर पडू शकतात. आपल्या वरिष्ठांच्या वाचनात हे पत्र आले तर त्यांनी आपल्याला त्या गमावलेल्या गिऱ्हाइकाबद्दल शाबासकी द्यावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

त्या खोलीत बाबा साडेपाच तास गाढ झोपले. मी त्यांच्या शेजारी जागीच होते, पण ते जागणे सुखाचे होते. लिफ्टपासून पलंगापर्यंतची पावले त्यांनी मनात मोजली होती, हे त्यांनी मला सकाळी सांगितले. ती चौऱ्याऐंशी भरली होती.

घरी आल्यावर त्यांनी तोच आकडा डॉक्टरांनाही सांगितला. आजवर डॉक्टरांपुढेही ‘ठीक आहे’ याच्या पलीकडे त्यांचे उत्तर जात नसे. आता त्यांचे व्यायाम सुरू झाले आहेत आणि रोज संध्याकाळी ते अंगणात पावले मोजत फिरतात. मी आपल्याला पत्र लिहिते आहे हे कळल्यावर त्यांनी आपल्यासाठी नमस्कार सांगितला आहे, आणि एक निरोपही दिला आहे: आता एकशे वीस होतात.

आपली ऋणी,
त्या रात्रीची एक प्रवासी