ओमूला

गोरेगाव पूर्व, रविवार

प्रिय ओमू,
अनेक आशीर्वाद.

पोचलास, हे ताईकडून कळलं. मला फोन केला नाहीस, त्याचा राग नाही. दादरला गाडी सुटेपर्यंत मीच तुझ्याशी धड बोलले नव्हते. आदल्या रात्री टीव्हीवर ‘अवतार’, तो खाण कंपनीसाठी परक्या जगातल्या लोकांत मिसळणाऱ्या जेकचा पिक्चर, लागला नसता तर ते तोंडून निघालंही नसतं. ‘तू त्या जेकचंच काम करायला चाललायस,’ असं मी भरल्या ताटावर म्हणाले आणि तू पानावरून उठलास. मला माफ कर. जेवताना नको होतं बोलायला.

डिसेंबर २००९ मध्ये आपण तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. थ्रीडीचा चष्मा नाकावरून घसरायचा म्हणून बाबांनी मागून रबर लावून दिला होता. तिथल्या नावी लोकांचं ते मोठं राहतं झाड कोसळलं तेव्हा तू चष्मा काढून रडायला लागलास. रिक्षात घरी येईपर्यंत एकच विचारत होतास, ‘पण जेकने त्यांना आधीच का नाही सांगितलं?’ बाबा म्हणाले, पिक्चर आहे रे. मला उत्तर सुचलं नव्हतं.

परवा पुन्हा पाहताना वेगळंच लक्षात आलं. झाडाच्या आत खांब कसे आहेत, हे जेकच कंपनीच्या कर्नलला सांगतो. पुढे क्षेपणास्त्रं त्या खांबांच्या बुडाशीच मारतात. सांगताना त्याला कुठे वाटलं असेल की आपण काही वाईट करतोय?

तू म्हणालास, आई, मी खाण खणणार नाहीये, मी फक्त लोकांशी बोलणार. त्यांची कुवी भाषा शिकणार, गावात बसणार, कोण कुणाचं ऐकतं, कोण नाही म्हणतं ते वहीत लिहिणार. पण ती वही वाचणार कोण, ओमू?

ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचं मी तुला काय सांगू! २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हटलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, हे तूच मला कॉलेजात असताना सांगितलंस. त्याआधी २०१० मध्ये तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींसाठी ‘अवतार’च्या दिग्दर्शकाला, जेम्स कॅमेरॉनला, जाहिरातीतून मदतीची हाक घातली होती, हेही तुझ्याकडूनच कळलं. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत झाडं तोडायला लागले तेव्हा परीक्षा असून तू धावलास. पहाटे चिखलाने भरून आलास. मी ओरडले, पण आतून छाती भरून आली होती. ते तेव्हा बोलले नाही, आज लिहिते.

आणखी एक लिहिते. बाबांनाही ठाऊक नाही.

आरोग्य केंद्रात होते तेव्हा पोलिओच्या डोसासाठी मी एका पाड्यावर जायचे. वारली बायका मला बघून दार उघडायच्या, चहा द्यायच्या. एकदा एक साहेब म्हणाले, सिस्टर, तुम्ही बरोबर चला, तुमचं ऐकतात. मी गेले. बायांना म्हटलं, अंगठा द्या, विजेचे मीटर येणार आहेत. मला तसंच सांगितलं होतं. ते कागद घरं हलवायला कबूल असल्याचे होते. पुढे त्यातली सात घरं लांबच्या इमारतीत गेली, चौथ्या मजल्यावर. कोंबड्या नाहीत, वाल लावायला जागा नाही. त्यातली एक म्हातारी मला बसस्टॉपवर भेटली. भांडली नाही. एवढंच विचारलं, ‘ताई, तुला ठाव होता का?’

मला ठाऊक नव्हतं, रे. पण मी कागद वाचूनही बघितला नव्हता.

म्हणून वहीचं पुन्हा पुन्हा लिहिते. आता नाही लिहिणार. जेकला पाय परत मिळणार होते, तुला बाबांच्या डायलिसिसचा खर्च दिसतो. आत्याचे पैसेही द्यायचेत. हे सगळं माहीत असताना मी तुला शहाणपण शिकवते. तुला ‘नको जाऊस’ म्हणायची माझी हिंमत नाही, आणि ‘जा’ म्हणतानाही जीव थाऱ्यावर नाही. एवढंच कर, सही-अंगठा घ्यायच्या आधी कागद त्यांच्या भाषेत मोठ्याने वाच, अख्खा. साहेब घाई करत असेल तर करू दे. आणि तुला स्वतःला कागद दाखवले नाहीत तर… झालं, पुन्हा भाषण.

मंगळवारी बाबांचं डायलिसिस आहे. ते झालं की बुधवारी मी त्या इमारतीत जाणार आहे. म्हातारी आहे की नाही, कळेल. असली तर काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

मच्छरदाणी बॅगेच्या खालच्या कप्प्यात आहे. तिथे मलेरिया फार असतो, एक रात्रही तिच्याशिवाय झोपू नकोस. रात्री कितीही उशीर झाला तरी फोन कर, मी जागीच असते. आणि वहीत आज काय लिहिलंस, तेवढं मला आधी वाचून दाखव.

तुझी,
आई