खळं, मांडव आणि तुझी कौलं

ता. राजापूर
कार्तिक वद्य चतुर्थी

प्रिय बाळ्या,

‘घराचं काय ते नीट बघून कळव’ हा तुझा मेसेज आला तेव्हा मी तुझ्याच कौलांवर होतो, एक पाय वाशावर आणि एक हवेत. ‘कळवतो’ एवढंच टाइप केलं, त्याला महिना झाला. फोनवर सांगितलं असतं, पण तुला मध्येच हिंजवडीचा सिग्नल लागतो आणि मला रेंजसाठी वर कातळाच्या सड्यापर्यंत चढावं लागतं. म्हणून कागद. तुझ्या घराचं शेवटी लिहितो, नाहीतर तू तेवढंच वाचून पत्र ठेवून देशील.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझं आणि आबांचं वाजलं. विषय अंगण. तुला वाटेल मी कोबा घालायला निघालो आणि आबा आडवे आले. उलटं रे! आबांनाच कोबा हवा होता, वर पत्र्याची कायमची शेड हवी होती, आणि मी म्हणत होतो की चोपलेल्या मातीचं खळंच करू, मांडवच घालू, पोरांना कळू दे. आबा पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, “बारा वर्षं मुंबईत राहिलास म्हणून तुला हौस आहे. मी पन्नास वर्षं अंगण चोपलंय, मला विचार.” आई मध्ये पडली नाही. आतून भांडी जरा जोरात वाजली, पण ती कोणाच्या बाजूने ते अजून कळलेलं नाही.

झालं शेवटी खळंच. किती काम असतं ते मी साफ विसरलो होतो. पावसाळ्यातलं गवत मुळासकट काढायचं, चार बोटं खणायचं, खडे वेचायचे, पाणी मारून माती तुडवायची, ओल जरा उतरली की चोपण्याने चोपायची. सकाळी एकदा, उन्हं कलली की एकदा, असं पाच-सहा दिवस. भेग दिसली की पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं. आणि ऑक्टोबरचं आपल्याकडचं ऊन तुला ठाऊक आहे, अंगातून नुसत्या धारा. तिसऱ्या दिवशी माझ्या हाताला फोड आले. धाकट्याने ही बातमी वर्गात जाऊन दिली.

सारवायची वेळ आली आणि शेण कमी पडलं. आपल्या वाडीची गुरं संध्याकाळी परतायची तेव्हा पाणंदीत उभं राहायला जागा नसायची, आठवतं? आता आमची एक गाय आणि खालच्या आळीत दोन म्हशी. तेव्हा हिला घमेलं घेऊन खाली जावं लागलं. “शेण उसनं आणायची पाळी आली,” असं आई दोन दिवस म्हणत होती, आणि कोबा असता तर आली नसती, हे आबांनी लगेच जोडून दिलं.

मांडवाच्या बाबतीत मात्र मी एकटा नव्हतो. पत्र्याखाली दुपारी भाजून निघतं आणि पावसाळ्याआधी मांडव उतरवता तरी येतो, हे आईने स्वतःहून सांगितलं. मांडवाच्या जुन्या मेढींपैकी, म्हणजे खांबांपैकी, पाचांना जमिनीलगत वाळवी लागली होती. नव्या पाच तासल्या आणि त्यांना काजूच्या टरफलाचं तेल पाजलं. ते हातमोजे न घालता लावू नये, एवढं तू माझ्याकडून शिक. आठ दिवस बोटं काळी आणि कातडी सोलपटलेली, जेवताना लोणच्याला हात लावायची सोय नाही. झापं आईने विणली. झावळी मधोमध चिरून, भिजवून, पातं एक वर एक खाली. थोरली शेजारी बसून शिकली. तिची पहिली दोन झापं कडेला सैल होती, ती आम्ही गोठ्यावर टाकली. ती तिने ओळखली आणि रुसली.

लवकर होणारं हळवं भात, ते कर्जत ३ जातीचं, दिवाळीआधीच कापून झालं. नव्या खळ्यात झोडलं, उडवी रचली, मी छाती काढून फिरत होतो. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट फोडलं, धाकट्याने ते जिभेला लावून जो चेहरा केला तो तुझ्या लहानपणीच्या चेहऱ्यासारखाच होता. मग पोहे: दडपे, ताकातले, गुळाचे, दूध-पोहे आणि फोडणीचे. ह्यात हिने बटाटे घातलेले चालतात की नाही यावरून आई आणि तिचा जो दरवर्षीचा संवाद असतो तो झाला. अंगणाच्या कोपऱ्यात पोरांनी लाल मातीचा विजयदुर्ग केला होता. तिन्ही बाजूंना समुद्र आणि खाडी म्हणून घमेल्यात पाणी.

भाऊबीजेच्या रात्री ढग फुटला.

दोन तास. पाऊस गेला असं समजून आम्ही निर्धास्त होतो आणि खालच्या मळ्यात उशिरा होणारं निमगरवं भात, रत्नागिरी ८, आदल्याच दिवशी कापून तसंच वाळत पसरलेलं. सकाळी बघतो तर खळ्याचा चिखल, विजयदुर्ग खाडीत, आणि मळ्यात पेंढ्या तरंगतायत. भात दोन दिवस भिजत राहिलं तर लोंबीलाच कोंब येतात. तेव्हा सगळी वाडी उतरली, जी काय आहे ती. बाया-माणसं मिळून अकरा. ओल्या पेंढ्या डोक्यावरून वर आणल्या. पण वाळत घालायच्या कुठे? आमचं अंगण तर राड झालेलं.

तुझ्या पडवीत घातल्या. तुझ्या बाबांनी पडवीला आणि पुढच्या ओट्याला कोबा घातला तेव्हा आपण दोघं हसलो होतो ना, ‘बँकेसारखं दिसतंय’ म्हणून? त्या कोब्यावर आमचं निम्मं भात वाचलं. पाच दिवस पंखे लावून, पेंढ्या उलट्या-सुलट्या करून. विजेचं बिल मी भरलंय, त्यावर वाद नको. आबा आता दिवसातून तीनदा “बाळ्याच्या बापाला अक्कल होती” म्हणतात. बाहेरचा माणूस आला की चौथ्यांदा. पुढच्या वर्षी अर्ध्या अंगणात कोबा, अर्ध्यात खळं असं ठरलंय. मी हरलो असं नाही, पण जिंकलोही नाही. खळं पुन्हा चोपलं, हे सांगायला नको. या वेळी आबा चोपायला बसले आणि मला दाखवत राहिले की मी पहिल्यांदा चुकीच्या कोनात मारत होतो.

मधले काही दिवस चांगले गेले, ते भराभर सांगतो. वरच्या पऱ्यावर बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, सुतळी. शाळेची पोरं गोण्या शिवायला आणि आम्ही रचायला. गुडघाभर पाणी अडलंय. त्याच्या जोरावर खालच्या मळ्यात कुळीथ आणि पावटा टाकलाय, पावसाने दिलेली ओल आहेच. आबा म्हणतात कलमांचा मोहोर आता लांबणार. ते दरवर्षी म्हणतात, पण यंदा मलाही तसंच वाटतं, पालवी फुटायला लागलीये. खाडीवर दोनदा पाग टाकून मासे धरायला गेलो. पहिल्यांदा चार बोयटं, दुसऱ्यांदा एक चप्पल.

आणि एका रविवारी सगळ्यांना घेऊन कशेळीच्या सड्यावर गेलो, हत्ती बघायला. आपली शाळेची सहल कनकादित्याच्या देवळात गेली होती तेव्हा हा हत्ती तिथेच कातळावर कोरलेला होता आणि आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो. पन्नास फुटांहून लांब. जवळ उभं राहिलं तर नुसत्या खाचा दिसतात, वर चढून पाहिलं की हत्ती होतो, आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी, मासे. २०२२ मध्ये आपल्याकडची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात हीसुद्धा आहेत. थोरलीने विचारलं, “कोणी काढलं?” मी म्हटलं, इथल्याच माणसांनी, हजारो वर्षांपूर्वी. ती म्हणाली, “म्हणजे त्यांचं अंगण चोपावं लागत नव्हतं.” ही कोणाची नात ते कळलं ना? सड्यावरचं गवत पिवळं पडलंय, तेरडा संपलाय, परीट पक्षी मात्र शेपट्या हलवत हजर.

आता तुझं घर.

कुलूप गंजलं होतं, खोबरेल घालून उघडलं. आत वास बंद घराचाच, त्यात थोडा वटवाघळांचा. पाऊस तीन ठिकाणी आत आलाय: देवघरावर, माजघरात आणि मागच्या पडवीत. कारण एकच, वानरं. ती तुझ्या आंब्यावरून थेट कौलांवर उड्या मारतात. त्रेसष्ट कौलं फुटली होती. राजापुरातून नवी आणायला गेलो, तर नव्याची खाच जुन्याच्या खाचेत बसत नाही, दोन बोटं फट राहते. शेवटी पलीकडच्या गावात एक घर पाडून स्लॅब टाकतायत, तिथून ऐंशी जुनी उचलली. चांगली खणखणीत आहेत, बोटाने टिचकी मारली की वाजतात. सतरा उरलीत, ती तुझ्या न्हाणीघरामागे रचून ठेवलीत.

तुझी मधल्या पाख्याची कौलं उलटी करून बघितलीस कधी? त्यावर बासेल मिशनचा शिक्का आहे, मंगळूरचा, आणि १८६५. धाकटा ओरडत खाली आला की कौल दीडशे वर्षांचं आहे. ते साल कारखाना सुरू झाल्याचं, कौलाचं नव्हे, हे मी त्याला सांगितलं आणि त्याची सगळी मजा घालवली. पण घर बांधलं तेव्हा ती गलबतातून जैतापूरला उतरली असणार, असं आबा म्हणतात. एकही फुटलेलं नाही त्यातलं. फुटली ती सगळी नंतरची.

तू विचारलंस पत्रा घालू का. कौलांसाठी म्हणून घालायची गरज नाही. आंब्याची ती एक फांदी तोडू दे, निम्मी वानरं तिथेच थांबतील. खरी अडचण माजघरावरच्या तुळईची आहे. भिंतीत शिरते तिथे वाळवी लागलीये, स्क्रू ड्रायव्हर चार बोटं आत जातो. मी खालून फणसाचा टेकू दिलाय. सुतार म्हणतो पावसाळ्यापर्यंत काही होत नाही, पण पुढचा पाऊस त्याच्यावर काढू नये. तुळई बदलायची तर मधली कौलं उतरवावी लागतील, म्हणजे काम एप्रिल-मेमध्ये, आणि तू इथे हवास. पैसे पाठवून देतो म्हणू नकोस. लाकूड कुठलं घ्यायचं, कुठून घ्यायचं, हे घरच्या माणसाने ठरवायचं असतं. विकायचं असेल तर तेही इथे येऊन, तुळईकडे बघून ठरव. मी काही बोलणार नाही. बोलेन, पण नंतर.

तुळशीचं लग्न तुझ्या वृंदावनापुढेही लावलं. वृंदावन पोरांनी रंगवलं, रंग जरा भडक झालाय, काकूंना फोटो दाखवू नकोस. ऊस, चिंच, आवळा आमच्याकडचे, अंतरपाट म्हणून हिची ओढणी.

आणि हो, देवघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक पितळी डबी सापडली. आत दोन किल्ल्या. एक मागच्या दाराची, ती लागते. दुसरी छोटी आहे, वर तीन दात. तुझ्या घरातल्या प्रत्येक कुलपाला, पेटीला, फडताळाला लावून बघितली, कशालाच लागत नाही. काकूंना विचारून कळव ती कशाची.

तुझा,
वरच्या घरातला